संवत्सरफल : 'होईल' आणि 'करिष्ये'

मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ज्या लेखनाची फारशी दखल घेतली नाही, पण जे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरल्या दिवशी नेमाने वाचले गेले, असे एक लेखन म्हणजे पंचांगाच्या आरंभी येणारे संवत्सरफल. चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढी उभारावी, कडुलिंबाची कोवळी पाने गूळ, ओवा, हिंग, मीठ यांसह खावीत, आणि मग घरातील वडीलधाऱ्याने किंवा उपाध्यायांनी नव्या पंचांगातील फल वाचावे व इतरांनी ते ऐकावे, असा तो क्रम. महाराष्ट्राबाहेर वस्ती करून राहिलेल्या आपल्या घराण्यांनी देव्हाऱ्यातील टाकांबरोबर हा क्रमही सोबत नेला. आज बहुतेक घरांतून हे वाचन मावळले आहे. त्याची जागा दिवाळी अंकांच्या अखेरच्या पानांतील वार्षिक राशिभविष्याने आणि डिसेंबर सरता सरता येणाऱ्या वृत्तपत्रीय पुरवण्यांनी घेतली आहे. नवे वर्ष उंबरठ्यावर असताना पुढील आयुष्याचा विचार करावा, काय साधायचे आणि काय सोडायचे ते ठरवावे, ही माणसाची जुनी गरज आहे. तिच्यासाठी ही दोन्ही लेखने वापरली गेली आणि म्हणून ती एकाच झाडाची फळे समजली जातात. वाङ्मय म्हणून ती शेजारी ठेवून वाचली तर मात्र त्यांची जात निराळी असल्याचे दिसते. हा फरक कोणता आणि आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीय वाचकाला त्याचे काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. फलज्योतिषाने भविष्य कळते असे येथे गृहीत धरलेले नाही. त्या दाव्याची आपल्याकडे झालेली सर्वांत पद्धतशीर तपासणी म्हणजे डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली घेतलेली चाचणी. बुद्धिमान विद्यार्थी आणि बौद्धिक विकलांगता असलेली मुले अशा दोन्ही गटांतील जन्मकुंडल्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाकडे चाळीस कुंडल्या पाठविल्या गेल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातील, एवढेच सांगायचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे परत केली. त्यांतील अचूक उत्तरांचे सरासरी प्रमाण निघाले सुमारे ४६ टक्के. नाणे वर उडवून छापा-काटा पाहिला असता तर याहून कमी यश आले नसते. हा निष्कर्ष २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा भाकिताच्या बाजूने वाद घालण्याचा येथे हेतू नाही. भाकीत वजा केल्यावर या लेखनात काही उरते का, हा प्रश्न आहे. आणि वाङ्मयविचाराला अधिकार आहे तो याच उरलेल्या भागावर.

या विचाराची वाट एका मराठी ग्रंथानेच घालून दिलेली आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. ज्योतिषाचे तीन स्कंध परंपरेने मानले आहेत : गणित, संहिता आणि होरा अथवा जातक. गणितात ग्रहांच्या गती येतात. संहितेत पाऊस, पीक, रोगराई, राजा, धान्याचे भाव अशा साऱ्या समाजाला लागू पडणाऱ्या गोष्टी येतात. होरा स्कंध एका माणसाच्या जन्मवेळेपासून त्याच्या आयुष्याचे फल सांगतो. अवंतीच्या परिसरात सहाव्या शतकात होऊन गेलेल्या वराहमिहिराने या दोन फलस्कंधांसाठी 'बृहत्संहिता' आणि 'बृहज्जातक' असे दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. विषय वेगळे म्हणून ग्रंथ वेगळे, इतकी ही विभागणी त्याला स्पष्ट होती.

ही विभागणी ध्यानात घेतली की आपल्या नववर्षाच्या वाचनात काय घडले ते सहज उलगडते. संवत्सरफल हे संहितेचे अपत्य आहे, राशिभविष्य हे होरेचे. पाडव्याच्या सकाळी एकत्र बसून ऐकायचे लेखन मागे पडले आणि ज्याने त्याने आपापला परिच्छेद शोधून एकट्याने वाचायचे लेखन पुढे आले. एका स्कंधाची जागा दुसऱ्याने घेतली. आणि नव्या वर्षाकडे पाहताना 'आपले कसे होणार' या प्रश्नाच्या जागी 'माझे कसे होणार' हा प्रश्न केव्हा आला, ते कोणाच्या लक्षात आले नाही.

आता संवत्सरफलाची घडण पाहू. त्याची मध्यवर्ती कल्पना राज्यकारभाराची आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदा ज्या वारी येते त्या वाराचा स्वामी हा वर्षाचा राजा. मेष संक्रांतीच्या वाराचा स्वामी मंत्री. सूर्य आर्द्रा नक्षत्रात जाईल त्या वाराचा स्वामी मेघाधिपती, आणि असेच पिकांचे, धान्यांचे, रसांचे अधिपती. आकाशात एक मंत्रिमंडळ बसविलेले असते आणि प्रत्येकाच्या स्वभावानुरूप त्याच्या खात्याचे फल सांगितलेले असते. शास्त्र म्हणून यात काही बळ नाही, हे उघड आहे. वार सातच असल्यामुळे राजे सातच, आणि पाऊस काही प्रतिपदेचा वार पाहून पडत नाही. परंतु रूपक म्हणून ही रचना कुशल आहे. राजा शुभ आणि मंत्री अशुभ, किंवा मेघाधिपती उदार आणि धान्याधिपती कृपण, अशा जोड्या जुळल्या की त्या कोरड्या कोष्टकातून एक नाट्य उभे राहते. श्रोते हसतात, एकमेकांकडे पाहतात, चालू कारभाराशी त्याची सांगड घालतात. हैदराबादच्या घरांना उगादीच्या दिवशी होणारे पंचांगश्रवण परिचयाचे आहे. तेथेही रंगत येते ती यामुळेच.

या लेखनाची भाषा ठोकळेबाज असते, हे मान्य केले पाहिजे. तीच विशेषणे, तीच पिके, त्याच रोगांची यादी. गतवर्षीचे फल खरे ठरले की नाही याचा उल्लेख त्यात नसतो. मकर संक्रांतीचे वर्णन तर याच साच्याचा कळस आहे : देवी कोणत्या वाहनावर बसून आली, कोणते वस्त्र नेसली, कोणत्या दिशेला जाते आणि कोणत्या दिशेला पाहते. यातूनच 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला. आणि तिने नेसलेल्या रंगाचे वस्त्र त्या वर्षी टाळावे असली निष्कारण भीतीही पसरली. हे सारे दोष जमेस धरूनही संवत्सरफलाचा एक गुण नजरेआड करता येत नाही. त्यात 'तुम्ही' नाही. ज्याच्या मालकीची गुंठाभर जमीन नाही असा कारकूनही त्या दिवशी मृगाच्या पावसाविषयी ऐकतो. ज्याच्या घरी गाय नाही त्याच्या कानांवर चाऱ्याची चिंता पडते. वर्षाच्या पहिल्या दिवशी, स्वतःच्या इच्छा मांडण्यापूर्वी, इतरांच्या पोटापाण्याची नोंद घ्यावी लागते. दूरचा विचार करण्याची ही उत्तम पूर्वतयारी होय.

राशिभविष्याची घडण याच्या नेमकी उलट आहे. वृत्तपत्रातील हा प्रकार मुळात आपला नव्हे. १९३० साली लंडनच्या 'संडे एक्सप्रेस'ने राजकन्या मार्गारेटच्या जन्मानिमित्त आर. एच. नेलर यांच्याकडून तिचे भविष्य लिहवून घेतले. ते वाचकांना रुचले आणि त्यातून सदराची प्रथा पडली. तिकडे सूर्यराशी धरतात. आपल्या मराठी भविष्यकारांनी साचा तो घेतला आणि बहुधा चंद्रराशी धरली. परिणाम असा की जन्मतारखेवरून एक रास आणि जन्मनक्षत्रावरून दुसरी, अशा दोन राशी वागवणारी माणसे घराघरांत दिसतात. दोन्ही परिच्छेद वाचून जो बरा वाटेल तो आपला मानण्याची सोय त्यांना आयती लाभलेली आहे.

या लेखनाचे व्याकरण तपासण्यासारखे आहे. त्यातील वाक्ये भविष्यकाळी असतात, पण त्यांत कर्ता क्वचितच माणूस असतो. खर्च वाढतो, मान मिळतो, येणी वसूल होतात, प्रवासाचे योग येतात, प्रकृतीच्या तक्रारी उद्भवतात. गोष्टी होतात, वाचक काही करीत नाही. त्याच्या वाट्याला फक्त विध्यर्थ येतो : जपावे, टाळावे, वाद करू नयेत. 'संभवते', 'शक्यता नाकारता येत नाही', 'प्रयत्नांना यश येण्याचे योग' अशा क्रियापदांनी लेखक स्वतःला प्रत्येक परिणामापासून सुरक्षित अंतरावर ठेवतो. आणखी एक लक्षण म्हणजे या लेखनाला भूतकाळ नाही. मागील वर्षी आपण काय म्हणालो होतो आणि काय घडले, याचा हिशेब कोणी देत नाही, कोणी मागतही नाही. ज्या लेखनाला कालचे स्मरण नाही त्याने उद्याचा विचार करावयास शिकवावे, ही अपेक्षाच विपरीत आहे.

उद्दिष्टे तरी कोणती? नोकरीत बढती, वास्तूचा योग, विवाह, संतती, परदेशगमन. यादी ठरलेली आहे, आणि तिच्यात न बसणारी इच्छा वाचकाच्या मनात असली तर तिला तेथे शब्दच नाही. एखादे शास्त्र नीट शिकावे, वृद्ध आईजवळ राहावे, गावच्या वाचनालयाची मोडकळीस आलेली इमारत उभी करावी, नातवाला मराठी वाचायला शिकवावे, यांचा योग कोणत्या राशीला आहे हे कोणी लिहीत नाही. वाचक हळूहळू छापील यादीतूनच आपली उद्दिष्टे निवडू लागतो. भाकीत चुकल्याने होणाऱ्या हानीपेक्षा ही हानी मोठी आहे. कारण चुकलेले भाकीत वर्षअखेर विसरले जाते, उसनी घेतलेली इच्छा मात्र आयुष्यभर वागवावी लागते.

साडेसातीचे उदाहरण घ्या. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षे असतो. चंद्रराशीच्या मागील, त्या आणि पुढील राशीत तो असेतो साडेसाती. म्हणजे कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना ती चालू असणारच. २०२५ च्या मार्चअखेर शनी मीनेत आला तेव्हा कुंभ, मीन आणि मेष या तीन राशी तिच्या कक्षेत आल्या. ढोबळ मानाने समाजाचा चौथा भाग सदैव साडेसातीत असतो. इतक्या लोकांवर एकदम येणारे आणि हटकून येणारे ते संकट कसले? ते वयाचे एक वळण आहे, एवढेच म्हणता येईल. राशिभविष्य मात्र या चौथ्या भागातील प्रत्येकाला सांगते की ही पीडा त्याचीच आहे. माणसाला एकटे पाडण्याची ही रीत आहे. आणि त्या एकटेपणावर शांती-उपायांचा बाजार चालतो, हे सांगावयास नको.

या दोहोंच्या मधला एक प्रकार तेलुगू पंचांगांत आढळतो व तो प्रामाणिकपणाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. तेथे प्रत्येक राशीपुढे आय आणि व्यय यांचे आकडे असतात, आणि त्यांच्या जोडीला राजपूज्य व अवमान यांचेही. वर्षात मान किती आणि अपमान किती, हे शेजारी शेजारी दोन रकान्यांत! आकड्यांना अर्थ नसेल. पण नव्या वर्षात अपमानासाठीही एक रकाना राखून ठेवावा लागतो, ही समजूत पोक्त आहे. आपल्या गुळगुळीत राशिभविष्याने ती केव्हाच गमावली.

येथवर दोन लेखने झाली. पण पाडव्याच्या पूजेत तिसरेही एक होते, आणि तेच या चर्चेत बहुधा विसरले जाते. ते म्हणजे संकल्प. पूजेच्या आरंभी यजमान उजव्या हातावर पाणी घेतो आणि काळ व स्थळ उच्चारतो. आरंभ ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून होतो, मग कल्प, मन्वंतर, युग, मग द्वीप, वर्ष, देश, नदीचा तीर, मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र आणि ग्रहांची त्या दिवशीची स्थाने. आणि या साऱ्या विस्तारानंतर शेवटी गोत्र, नाव आणि एक क्रियापद : 'करिष्ये'. मी करीन. संस्कृत व्याकरणाप्रमाणे हे आत्मनेपद आहे, कारण कर्माचे फल करणाऱ्याकडेच येणार असते. दुसऱ्यासाठी करणाऱ्या पुरोहिताच्या तोंडी 'करिष्यामि' शोभते. राशिभविष्याचे सारे वाङ्मय 'होईल' या क्रियापदावर उभे आहे, संकल्प 'करिष्ये'वर. दोहोंतही ग्रह आहेत. एकात ते कर्ते आहेत. दुसऱ्यात त्यांचे काम फक्त तारीख सांगण्याचे आहे. ग्रह अमुक ठिकाणी असताना अमुक नावाच्या माणसाने अमुक करण्याचे पत्करले, एवढ्यासाठी त्यांची साक्ष काढलेली आहे. नववर्षापूर्वी दूरच्या उद्दिष्टांचा विचार करताना ज्योतिषाचा काही सन्माननीय उपयोग असेल तर तो हाच : साक्षीदार म्हणून.

आपल्या वाचकांना या संकल्पात आणखी एक गोष्ट आढळेल, जी पुण्या-नाशिकच्या वाचकाला आढळणार नाही. त्याला गोदावरीचा दक्षिण किंवा उत्तर तीर म्हणून पुढे जाता येते. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथल्या घरांना नर्मदेचे नाव घ्यावे लागले. नर्मदा ही काळाच्या गणनेतीलही सीमा आहे. तिच्या दक्षिणेस संवत्सराचे नाव चैत्राबरोबर बदलते आणि साठ नावे क्रमाने येत राहतात. उत्तरेस गुरूच्या मध्यम गतीवरून नाव ठरवितात. गुरूला एक रास ओलांडण्यास सुमारे ३६१ दिवस लागत असल्याने साधारण पंच्याऐंशी वर्षांत एक नाव गाळले जाते. आणि आज उत्तरेचे नाव दक्षिणेच्या कितीतरी पुढे गेलेले आहे. याखेरीज माळव्यात महिने पौर्णिमेला संपतात, म्हणजे आपण गुढी उभारतो तेव्हा शेजाऱ्याचा चैत्र निम्मा सरलेला असतो. वडोदऱ्यात शेजाऱ्याचे वर्ष कार्तिकात बदलते. हैदराबादेस आणि बेळगावास उगादी आणि पाडवा एकाच दिवशी येतात. एक जानेवारी सर्वांनाच. वर्षारंभ दोन-तीन असलेल्या घराला एवढे तरी उमगलेले असते की वर्षाची रेघ आकाशात कोणी ओढून ठेवलेली नाही. ती माणसांनी ओढली आहे. म्हणून ती जपायची ती विचारपूर्वक, आणि मुलांना तिचे कारण सांगून.

संवत्सरांच्या नावांविषयीही थोडे. दक्षिणेच्या गणनेप्रमाणे शके १९४८, म्हणजे २०२६-२७, या संवत्सराचे नाव पराभव. शक संख्येत बारा मिळवून साठांनी भागावे, बाकी उरते चाळीस, आणि चाळिसावे नाव पराभव. असे नाव ऐकून दचकणारे लोक आहेत. त्यांनी साठ वर्षे मागे जावे, आणि मग आणखी साठ. १९०६ सालच्या चैत्रात सुरू झालेल्या संवत्सराचे नावही पराभवच होते. त्याच १९०६ साली सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केला. ही योजना त्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोग म्हणून सुरू केली होती. प्रयोगापासून कायद्यापर्यंत तेरा वर्षे गेली. गुरूला राशिचक्राची एक फेरी पुरी करण्यास सुमारे बारा वर्षे लागतात. म्हणजे एक फेरी होऊन वर एक वर्ष. एखाद्या राज्यातील मुलामुलींनी वाचायला शिकावे, हे उद्दिष्ट असे वर्षाच्या फलात मावत नाही. त्याला मोठे माप लागते.

आणि ही मोठी मापे मात्र जुन्या ज्योतिषाने आपल्याला खरोखरच दिली आहेत. ती गणित स्कंधाची देणगी असल्याने त्यांत श्रद्धेचा प्रश्नही नाही. गुरूची बारा वर्षांची फेरी, शनीची साडेएकोणतीस वर्षांची, आणि दोघांना जवळपास पुन्हा त्याच जागी आणणारे साठ संवत्सरांचे चक्र. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा आणि उज्जैनचा सिंहस्थ, गुरू कन्येत गेल्यावर कृष्णाकाठी येणारा कन्यागत, ही समाजाची बारा वर्षांची घड्याळे होती. षष्ट्यब्दीला माणूस आपल्या जन्माच्या संवत्सराचे नाव दुसऱ्यांदा ऐकतो. या मापांनी विचार करणारा मनुष्य आपली ओढ नीट पारखतो : हे पुढील पाडव्यापर्यंतचे आहे की पुढील सिंहस्थापर्यंतचे, की आपल्यामागे कोणी पुरे करावे असे? एका वर्षाच्या राशिभविष्याने ही लांब नजर घालविली. उज्जैनच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी १९२३ साली करविला आणि १९४२ पासून तेथून दृश्य ग्रहस्थिती देणारे पंचांग निघू लागले. भाकिताचा एक शब्दही न लिहिता आकाशाची सेवा होऊ शकते, याचा हा पुरावा माळव्यातील आपल्या लोकांना दूर शोधावा लागत नाही.

होरा स्कंधातील सारेच टाकाऊ आहे असे मात्र म्हणवत नाही. कुंडलीची बारा घरे पाहा : तनू, धन, सहज, सुहृद, सुत, रिपू, जाया, मृत्यू, धर्म, कर्म, लाभ, व्यय. ग्रह काढून टाकले तरी ही यादी उरते, आणि मानवी आयुष्याच्या जितक्या याद्या मराठी माणसाच्या माहितीच्या आहेत त्यांत ती बरीच परिपूर्ण आहे. वर्षअखेर या बारा घरांतून एकेकदा जावे आणि प्रत्येकात एक प्रश्न स्वतःला विचारावा, यात अंधश्रद्धा कोणती? शरीर कसे आहे? भावंडांशी बोलणे आहे ना? वैर कोणाशी, आणि ते का धरले? क्रमही विचार करण्याजोगा आहे. धर्म कर्माच्या आधी येतो, लाभ कर्माच्या नंतर, आणि शेवटचे घर लाभाचे नसून व्ययाचे आहे. यादीच्या मर्यादाही याच वाचनात उघड होतात. 'जाया' या शब्दानेच कळते की ती लिहिणाऱ्यासमोर वाचक पुरुष होता. आणि सातव्या घरातील मंगळाच्या नावाखाली कित्येक मुलींची लग्ने मोडली, हे आपण सर्व जाणतो. प्रश्न म्हणून वापरलेली घरे उपकारक, निर्णय म्हणून वापरलेली तीच घरे क्रूर.

बाराव्या घराविषयी आपल्या लोकांनी थोडे थांबावे. जन्मभूमीपासून दूर वास्तव्य हे परंपरेने व्ययस्थानावरून पाहतात. घर, भूमी आणि माता चौथ्यात. परदेशवास बाराव्यात, खर्चाच्या खाती. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या फौजांबरोबर, किंवा निजामाच्या राज्यात कारकुनी-वकिली करण्यासाठी आपले पूर्वज निघाले तेव्हा कोणा जोशाने त्यांची पत्रिका पाहिली असेल तर त्याने हेच स्थान दाखविले असेल. पण पुढे काय झाले? बाराव्या घरात गेलेल्यांनी तेथे चौथे घर बांधले. १९०९ साली साहित्य संमेलन वडोदऱ्यास भरले, १९१७ साली इंदुरास, १९३१ साली हैदराबादेस, १९६१ साली ग्वाल्हेरास. आणि ग्वाल्हेरच्या अध्यक्षस्थानी कुसुमावती देशपांडे होत्या, त्या स्थानी बसलेल्या पहिल्या स्त्री. हे कोणत्याही फलात लिहिलेले नव्हते. ते कोणीतरी ठरविले आणि कोणीतरी निभावले. आज त्याच संस्थांच्या सभासदसूचीत नवी नावे कमी होत आहेत आणि नातवंडांची मराठी घरच्या चार वाक्यांवर आली आहे. 'मराठीचे पुढे कसे होईल' असा प्रश्न आपल्या सभांतून वारंवार ऐकू येतो. त्या प्रश्नाचे क्रियापद तपासावे. ते राशिभविष्याचे क्रियापद आहे.

एकनाथांच्या भारुडांत एक जोशी येतो. तोही होरा सांगतो. पण त्याच्या पोथीत ग्रह नाहीत. देह हे गाव आहे, मन हा त्या गावचा पाटील आहे, आणि जोशी लोकांना सावध करतो की या पाटलावर विश्वासू नका. पुढे काय होणार हे ऐकायला जमलेल्यांना आता कसे वागावे हे ऐकवून तो निघून जातो. भविष्याच्या साच्यातून आचाराचा उपदेश करण्याची ही युक्ती मराठीत इतकी जुनी आहे. नववर्षाच्या लेखनाला सुधारायचे असेल तर परका नमुना शोधण्याची गरज नाही.

यावर कोणी म्हणेल, मग पंचांग मिटून ठेवून साध्या वहीत उद्दिष्टे लिहिली तर काय बिघडले? काहीच नाही; ज्याला ते साधते त्याने तसे करावे. परंतु वही एकट्याची असते, आणि एकट्याचा निश्चय एकट्याला मोडता येतो. संवत्सरफल चारचौघांत ऐकले जाई आणि संकल्प मोठ्याने उच्चारला जाई, ही त्यांची ताकद होती. मराठीत 'पाणी सोडणे' याचा रूढ अर्थ आशा सोडणे असा आहे. संकल्पाच्या वेळी मात्र पाणी सोडतात ते स्वीकारल्याची खूण म्हणून. एकच कृती, दोन अर्थ. कोणता अर्थ आपला, हे पाणी सोडणाऱ्याने ठरवायचे असते.

तेव्हा आपल्या मंडळांनी पाडव्याचे वाचन पुन्हा सुरू करण्यास हरकत नसावी. संवत्सरफल वाचावे, हसत वाचावे, आणि शेतकऱ्याच्या पावसाची आठवण म्हणून वाचावे. राशिभविष्य ज्याचे त्याने घरी वाचावे. मग गतवर्षीच्या पाडव्याला जे करू म्हटले होते त्यातले काय झाले, हे कार्यवाहांनी कागद पाहून सांगावे. आणि शेवटी ज्याला वाटेल त्याने उभे राहून, आपण ज्या नदीच्या तीरावर राहतो तिचे नाव घेऊन, येत्या वर्षाचे एक आणि येत्या बारा वर्षांचे एक, अशी दोन वाक्ये बोलावीत. क्रियापद प्रथमपुरुषी असावे, एवढीच अट.